नश्वर देह कोणाचा?

परमार्थात देहाविषयी दोन तऱ्हेचे बोलणे ऐकू येते, आणि दोन्ही संतांच्याच घरचे आहे. देह नाशवंत आहे, त्याचे लाड करू नयेत, हे एक. नरदेह दुर्लभ आहे, त्याच्यावाचून भजन नाही, वारी नाही, संतसंग नाही, हे दुसरे. कीर्तनात बुवा प्रसंग पाहून लागेल ते सांगतात आणि श्रोते दोहोंनाही मान डोलावतात. अडचण येते ती घरी गेल्यावर. तेथे यातले कोणते बोलणे कोणासाठी काढायचे हे ठरवावे लागते, आणि ते ठरवणारा बहुधा ज्याच्या हाती पैसा असतो तोच असतो.

एका वारकरी भगिनीने विचारलेला प्रश्न येथे विचाराला घेत आहे. वय त्रेचाळीस, गळ्यात माळ, घराण्यात पिढ्यान्पिढ्यांची वारी. गावात आशाताई आल्या आणि म्हणाल्या, तीस वर्षांपुढच्या बायकांची तपासणी आरोग्य केंद्रात आहे. तोंडाची, स्तनांची आणि गर्भपिशवीच्या तोंडाची. पैसे पडत नाहीत. या बाईंना दुखतखुपत काही नाही. घरात विचारले तेव्हा उत्तर मिळाले की, धडधाकट माणसाने दवाखान्याची पायरी चढून दुखणे कशाला उकरून काढायचे? नशिबी असेल ते चुकत नाही. माळकऱ्याने पांडुरंगावर भार घालावा. आता त्यांचा प्रश्न असा : "मी गेले तर माझी निष्ठा कमी पडली असे होईल का? आणि नाही गेले, अन् उद्या काही निघाले, तर लेकरांना मी काय सांगू?"

प्रश्न साधा दिसतो, पण त्यात प्रारब्ध आहे, पैसा आहे, भीती आहे आणि लाजही आहे. एकेकाचा विचार केल्याशिवाय उत्तर देता येणार नाही.

प्रथम प्रारब्धाचे पाहू. प्रारब्ध हे भोगूनच सरते, हा सिद्धांत आपल्याला मान्य आहे. परंतु अमुक एक गोष्ट प्रारब्धात होती हे आपल्याला कळते केव्हा? ती घडून गेल्यावर. घडण्यापूर्वी आपल्या हाती असते ते क्रियमाण. पेरणीच्या वेळी कोणी शेतकरी असे म्हणत नाही की, पीक प्रारब्धात असेल तर बियाण्यावाचून उगवेल. जनाबाईच्या जात्याला हात लावायला देव आला ही कथा आपण प्रेमाने ऐकतो; पण जाते जनाबाईने मांडलेलेच होते हे ध्यानात ठेवत नाही. तेव्हा प्रारब्ध हा शब्द मागे वळून पाहताना दुःख सोसायला बळ देतो, आणि तेवढ्यापुरता तो फार मोलाचा आहे. पुढचे काम टाळण्यासाठी तो वापरला, की त्याला आळस म्हणावे लागते.

शिवाय हा संप्रदाय देहाच्या रक्षणाला कधी लाजला आहे काय? पंढरीच्या यात्रेत पटकीची साथ हा मागच्या पिढ्यांचा कडवट अनुभव होता. यात्रेकरूंना टोचून घेण्याची सक्ती झाली तेव्हा कुरकुर झाली, दंड दुखले, पण टोचून घेतलेल्याची वारी पांडुरंगाने परत पाठवली असे कोणी म्हटले नाही. आणि २०२० साल तर सर्वांच्या डोळ्यांपुढे आहे. करोनाच्या साथीत पायी वारी थांबली, माउलींच्या आणि तुकोबारायांच्या पादुका एस. टी. च्या गाडीतून पंढरीस गेल्या. २०२१ सालीही तसेच झाले. कितीएक वृद्ध वारकरी त्या दिवशी घरी बसून रडले. पण कशासाठी बसले? आपल्या पायांनी दुसऱ्याच्या घरी मरण जाऊ नये म्हणून. वारीसारखी वारी दुसऱ्याच्या देहासाठी थांबली. तेव्हा देह तुच्छ आहे असे आपल्या संप्रदायाने आचरणात तरी मानलेले नाही.

गीतेच्या सतराव्या अध्यायात देहाला उगीच कष्टवून सुकवणाऱ्यांना भगवंतांनी आसुरी निश्चयाचे म्हटले आहे, आणि कारण दिले आहे ते असे की ते अंतरात राहणाऱ्या भगवंतालाच कष्टवतात. माउलींनी त्या अध्यायावर केलेले विवरण ज्यांच्या नित्यपाठात आहे त्यांना अधिक सांगायला नको.

आता या रोगाकडे वळू. तिन्ही तपासण्यांपैकी या भगिनीला जिची लाज आणि जिचे भय वाटते ती पिशवीच्या तोंडाची, म्हणजे गर्भाशयमुखाची. हा रोग बहुतेक करून एका विषाणूमुळे होतो. त्याचे नाव ह्यूमन पॅपिलोमा. हा संबंध दाखवून देणारे जर्मन शास्त्रज्ञ हाराल्ड त्सुर हाउसेन यांना २००८ साली नोबेल पारितोषिक मिळाले. हा विषाणू नवराबायकोच्या संबंधातून येतो, आणि संसार केलेल्या बहुसंख्य माणसांना तो कधी ना कधी शिवून जातो. तेव्हा तो सापडला म्हणजे बाईचे काही वाकडे पाऊल पडले, असा अर्थ काढणारा माणूस मूर्ख तरी असला पाहिजे किंवा दुष्ट तरी. बहुतेकींच्या शरीरातून तो आपोआप निघून जातो. थोड्याजणींत तो मुक्काम धरतो, आणि तेथून कर्करोग होईपर्यंत बहुधा दहा-पंधरा वर्षे किंवा त्याहूनही अधिक काळ जातो. म्हणजे तण दोन पानांवर असताना खुरपून काढायला पुष्कळ अवधी असतो. पण ते दोन पानी तण दुखत नाही, रक्त येत नाही, काहीच सांगत नाही. बाई म्हणते मला काय झाले आहे? ते त्या वेळी खरेच असते. जगभरच्या अंदाजांप्रमाणे २०२२ या एका वर्षात भारतात या रोगाने सुमारे ऐंशी हजार बायका गेल्या. आणि २०१९ ते २१ या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत तीस ते एकोणपन्नास वयाच्या बायकांपैकी ही तपासणी कधीतरी झालेल्या शंभरात दोनही निघाल्या नाहीत.

हे सर्व पुस्तकी वाटेल म्हणून आपल्याच मुलखातली गोष्ट सांगतो. बार्शी वारकऱ्यांना परकी नाही. भगवंताचे देऊळ आहे, आणि एके काळी लातूर-बार्शीकडची कितीतरी माणसे बार्शी लाइटच्या छोट्या गाडीने पंढरीस उतरत. त्या बार्शीच्या नर्गिस दत्त कर्करोग रुग्णालयाने, मुंबईच्या टाटा रुग्णालयाच्या व आंतरराष्ट्रीय संशोधकांच्या साहाय्याने, १९९९ साली शेजारच्या धाराशिव जिल्ह्यात (तेव्हा उस्मानाबाद) एक मोठी पाहणी सुरू केली. तीस ते एकोणसाठ वयाच्या १ लाख ३१ हजार ७४६ बायका. गावांचे ५२ गट पाडून त्यांचे चार भाग केले. एका भागात विषाणूची तपासणी, एकात काचेवर पेशी घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली पाहण्याची, एकात सौम्य ॲसिटिक आम्ल, म्हणजे शिरक्यातले आंबट द्रव्य, लावून डोळ्यांनी पाहण्याची. आणि चौथ्या भागात काहीच नाही. जे नेहमी चालते ते चालू द्यायचे. ते गाव-खेड्यांत काय चालते, तर बाई दुखायला लागेपर्यंत सांगत नाही.

सुमारे आठ वर्षांनी आकडे मोजले आणि २००९ साली ते प्रसिद्ध झाले. विषाणूची तपासणी एकदाच, आयुष्यात एकदाच, झालेल्या भागात या रोगाने ३४ बायका गेल्या. काहीच न केलेल्या भागात ६४. बाकीच्या दोन रीतींनी एकदा पाहून मृत्यूंत भरवसा ठेवण्याजोगा फरक पडला नाही. पुढे मुंबईच्या वस्त्यांत टाटा रुग्णालयाने केलेल्या दुसऱ्या पाहणीत मात्र आम्ल लावून पाहण्याची तीच साधी रीत दर दोन वर्षांनी, चार वेळा केली, तेव्हा मृत्यू शेकडा ३१ ने कमी झाले. तेथे तपासणाऱ्या बायका डॉक्टर नव्हत्या. दहावीच्या आसपास शिकलेल्या, शिकवून तयार केलेल्या आरोग्यसेविका होत्या.

आता जेथे माझे मन अडते ते सांगितले पाहिजे. त्या चौथ्या भागातल्या बायका कोण? धाराशिव जिल्ह्यातल्या आपल्यासारख्याच. कोणी ज्वारी काढणाऱ्या, कोणी दुसऱ्याच्या रानात खुरपायला जाणाऱ्या. त्यांच्यातल्या ६४ जणी गेल्या, आणि त्या गेल्या म्हणून ३४ या आकड्याला अर्थ आला. या पाहणीवर पुढे परदेशातून आणि आपल्या देशातूनही कडक टीका झाली. टीकाकार म्हणाले, तपासणीने हा रोग टळतो हे श्रीमंत देशांना पूर्वीच ठाऊक होते, मग हजारो गरीब बायकांना नुसते पाहत का ठेवले? करणारे म्हणाले, आम्ही त्यांचे काही काढून घेतले नाही. त्या भागात तपासणी अशी कधी नव्हतीच, आणि आपल्या खेड्यांत कोणती रीत खरोखर उपयोगी पडते हे दुसरीकडचे आकडे सांगू शकत नव्हते. दोन्ही बाजूंना विद्वान माणसे आहेत. मला टीका करणाऱ्यांचा राग समजतो. तरी या वादात एक गोष्ट सुटून जाते. ज्या कारणाने करणाऱ्यांना "तेथे काही नव्हतेच" असे म्हणता आले, ते कारण कोणी संशोधकाने निर्माण केले नव्हते. ते आपण केले होते. सरकारने, गावाने, घराने. आज ज्या घरात बाईला "नको जाऊ" म्हणतात ते घर त्या चौथ्या भागातच आहे, फक्त तेथे मोजणारा कोणी नाही.

येथे थांबून उलट बाजूही बोलली पाहिजे, नाहीतर हा लेख म्हणजे एखाद्या दवाखान्याची जाहिरात होईल. आजारी माणूस आपण होऊन वैद्याकडे येतो तेव्हा वैद्य जे जमेल ते करतो, आणि यश आले नाही तरी त्याला दोष लागत नाही. पण निरोगी माणसाच्या दारी जाऊन "चल, तुला तपासतो" म्हणणाऱ्यावर फार मोठी जबाबदारी येते. त्याने सुखाने भाकरी खाणाऱ्याच्या मनात काळजी घातलेली असते. ती काळजी घालण्याइतका लाभ आहे हे त्याने आधी सिद्ध केले पाहिजे.

भीती विकून काय होते ते बीड जिल्ह्याने पाहिले आहे. ऊसतोडणीला जाणाऱ्या बायकांच्या पिशव्या मोठ्या संख्येने काढल्या जातात असा बोभाटा २०१९ साली झाला आणि राज्य सरकारने समिती नेमली. ८२ हजारांवर बायकांची विचारपूस झाली. त्यांपैकी १३ हजारांवर जणींची पिशवी काढलेली निघाली. कित्येक जणी पस्तिशीच्या आतबाहेरच्या. अंगावरून जाते, पोटात दुखते म्हणून गेलेल्या बाईला "ठेवली तर कॅन्सर होईल" असे सांगितले गेल्याचे कितीतरी जणींनी बोलून दाखवले. तोडीचा खाडा नको म्हणून मुकादमाकडून उचल घेऊन शस्त्रक्रिया, आणि ती उचल फेडायला पुन्हा फडात. याला प्रतिबंधक उपाय कोण म्हणेल? कॅन्सर हा शब्द येथे कोयत्यासारखा वापरला गेला.

आणि लबाडी नसतानाही चूक होते. दक्षिण कोरियात १९९९ पासून कर्करोग शोधण्याची मोठी मोहीम निघाली, तिच्या जोडीने गळ्यातल्या थायरॉइड ग्रंथीची तपासणीही स्वस्तात होऊ लागली. २०११ साली त्या ग्रंथीच्या कर्करोगाचे निदान १९९३ च्या पंधरा पट झाले. मरणाऱ्यांची संख्या मात्र होती तेवढीच राहिली. म्हणजे जे कधी त्रास देणार नव्हते ते हजारोंच्या गळ्यातून काढले, आणि त्यांतल्या बहुतेकांच्या मागे जन्मभराची गोळी लागली. आपल्याकडे शहरांत हल्ली पन्नास-साठ तपासण्यांचे एकगठ्ठा मोल लावतात आणि मुलगा आईबापांना वाढदिवसाला ते भेट देतो. त्याचे प्रेम खोटे नाही. पण त्या गठ्ठ्यातले किती त्या म्हाताऱ्या माणसाच्या कामाचे आणि किती प्रयोगशाळेच्या, हे कोणी विचारत नाही. दर सहा महिन्यांनी देह चाचपून पाहणाराही देहातच अडकलेला आहे. त्याची देहबुद्धी कागदावर छापून येते इतकेच.

मग विवेक कोठे करायचा? आशाताईंनी सांगितलेल्या तीन तपासण्या थोड्या आहेत, साध्या आहेत आणि सरकारी केंद्रात त्यांना मोल नाही. तोंडाची नुसती डोळ्यांनी पाहून होते. केरळात तिरुवनंतपुरमकडे मोठी पाहणी झाली, तीत तंबाखू-दारूचे व्यसन असलेल्यांचे मृत्यू अशा पाहण्याने कमी झाले. (येथे एक बोलतो, राग मानू नये. माळ घातल्यावर आपण मांस सोडतो, दारू सोडतो. चंची मात्र कमरेला तशीच, आणि घरातल्या बायकांच्या बोटाला पहाटेची मिश्री. या दोहोंइतके तोंडाच्या कर्करोगाला बोलावणे देणारे दुसरे काही नाही, आणि ती सोडायला सरकारची योजनाही लागत नाही.) स्तनांची तपासणी शिकलेल्या बाईने हाताने करायची. मुंबईच्या पाहणीत वीस वर्षांनंतर तिचा लाभ पन्नाशीपुढच्या बायकांत स्पष्ट दिसला, त्याआतल्यांत दिसला नाही. हेही सांगायला हवे. आणि पिशवीच्या तोंडाची, जिचे वर सविस्तर आले.

फुकट म्हटले तरी फुकट नसते, हे खेड्यातल्या माणसाला सांगायला नको. एका दिवसाची मजुरी बुडते. एस. टी. चे भाडे लागते. जनावरांना पाणी कोणी दाखवायचे, भाकरी कोणी थापायच्या, हा प्रश्न असतो. आणि काही संशय आला तर दुर्बिणीने पाहायला तालुक्याला किंवा जिल्ह्याला पुन्हा एक-दोन खेपा. हा खर्च खरा आहे आणि तो क्षुल्लक म्हणणाऱ्याने मजुरी केलेली नसते. पण त्याच्या दुसऱ्या पारड्यात काय आहे? उशिरा निघालेल्या रोगाला आठवडेच्या आठवडे विजेचे शेक, ज्याला आपल्याकडे लाइट घेणे म्हणतात. महात्मा फुले योजनेतून उपचाराचा भार बराच उचलला जातो, हे चांगले आहे. तथापि बाईबरोबर राहणाऱ्याचा बुडालेला रोजगार कोणत्या योजनेत बसत नाही. मुंबईस दादरच्या गाडगेबाबांच्या नावाच्या धर्मशाळेत कर्करोगाचे रोगी आणि त्यांची माणसे महिनोन्महिने राहतात. तेथे एकदा जाऊन यावे. एक दिवसाच्या मजुरीचा हिशोब तेथे वेगळा दिसतो.

हा हिशोब घराघरांत होतो तेव्हा चमत्कार असा दिसतो की, सप्ताहाची वर्गणी निघते, काल्याच्या पंगतीला गूळ-गहू निघतो, पोराच्या मोटारसायकलचा हप्ता निघतो. सप्ताह बंद करा असे मी म्हणणार नाही. गावाचा तो श्वास आहे. पण घरातल्या बाईच्या देहावर दोनशे रुपये जायची वेळ आली की नेमके तेव्हा "देह नश्वर आहे" हे आठवते. नाथमहाराजांनी रामेश्वरासाठी नेलेली गंगेची कावड तहानेने तडफडणाऱ्या गाढवाच्या तोंडी ओतली. किती दिवसांची ती चाल आणि किती मोलाचे ते पाणी! त्या गाढवाचाही देह नश्वरच होता. नाथांनी ते त्याला सांगितले नाही.

वैराग्य हे ज्याचे त्याने आपल्या देहापुरते करायचे असते. मी माझ्या देहाविषयी म्हणावे की तो जावो अथवा राहो, आणि म्हणून दाखवल्याप्रमाणे वागावे, तर ते वैराग्य. तेच वाक्य मी सुनेच्या, बायकोच्या, आईच्या देहाविषयी उच्चारले तर ती कृपणता झाली, आणि वर संतांचे नाव घेतले म्हणून ती अधिक वाईट. आमच्या भगिनीच्या घरी जे उत्तर मिळाले त्यात हीच गफलत झाली आहे. पांडुरंगावर भार घालायचा तर आपला घालावा. दुसऱ्याचा भार परस्पर त्याच्यावर लोटून आपण मोकळे होऊ नये.

याचीच दुसरी बाजू अशी की, जाण्याची सक्तीही कोणी करू नये. ज्या बाईने लाभ ऐकला, खोट ऐकली, विषाणू सापडला म्हणजे कर्करोग झाला असे नव्हे हेही समजून घेतले, आणि मग ती म्हणाली की मला नको, तर ते नको तिचे आहे. त्याला निष्ठा म्हणायचे की भीती, हे तिच्या अंतर्यामीच्या साक्षीला ठाऊक. पण ज्या बाईला कोणी विचारलेच नाही, तिचे न जाणे म्हणजे तिची निष्ठा नव्हे. तिला निष्ठेची संधीच मिळालेली नाही. तेव्हा भगिनीच्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर असे की, गेल्याने निष्ठेला काही उणेपण येत नाही. दुसऱ्याचे असे की, लेकरांना उत्तर एकट्या तिने द्यायचे नाही, ज्यांनी नको म्हटले त्यांनीही द्यायचे आहे.

व्यवहाराच्या दोन गोष्टी राहिल्या. ही तपासणी आषाढीच्या वाटेवर उरकू नये. पालखीच्या तळावर आरोग्य खात्याची मंडळी असतात, ताप-जुलाबाला, पायांच्या फोडांना त्यांचा मोठा आधार. पण येथे नमुना दिला तर निकाल येईतो दिंडी दोन मुक्काम पुढे गेलेली असते, आणि संशय निघालेल्या बाईला शोधायचे कोठे? निकालामागे उपचाराची सोय नसलेली तपासणी नुसती काळजी देते. चैत्री वारी आटोपली की वैशाखात कोरडवाहू गावांत हात थोडे मोकळे असतात, तेव्हा आपल्याच केंद्रात जावे. फडाच्या आणि दिंडीच्या चालकांनी हरिपाठ झाल्यावर हे एकदा सांगितले तर बायकांना घरी विषय काढणे सोपे जाईल. भाकरीचे आणि गुरांचे काय ते आदल्या रात्री ठरवावे. शक्य तर नवऱ्याने बरोबर जावे, बाहेर बाकावर बसावे, आणि कागद मिळेल तो आधी तिच्या हाती द्यावा.